वाघ मोजले, माणसे राहिली

प्रति,
मा. खासदार, चंद्रपूर लोकसभा मतदारसंघ
मा. खासदार, गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघ



आपल्या दोन्ही मतदारसंघांत वाघ दर चार वर्षांनी मोजले जातात. २००६, २०१०, २०१४, २०१८, २०२२; एकही फेरी चुकलेली नाही. या काळात महाराष्ट्रातले वाघ १०३ वरून ४४४ झाले आणि त्यातले ९७ ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात आहेत, हे मोहर्लीच्या जिप्सीवाल्याला तोंडपाठ असते. माणसांचा शेवटचा आकडा मात्र २०११चा. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात २२,०४,३०७ आणि गडचिरोलीत १०,७२,९४२ माणसे होती, बल्लारपूर शहरात ८९ हजारांच्या वर. त्यानंतर किती आली, किती गेली, किती उरली हे विचारले तर प्रत्येक सरकारी कार्यालयात अंदाजच ऐकायला मिळतो.

२०२१ची जनगणना कोविडमुळे लांबली, ते समजण्यासारखे होते. पण चीनने २०२०च्या अखेरीस आणि ब्राझीलने २०२२ मध्ये आपापली माणसे मोजून घेतली. भारतात मुदतवाढीमागून मुदतवाढ होत गेली. १८८१ पासून दर दहा वर्षांनी चालत आलेला क्रम १९४१ साली, महायुद्ध पेटलेले असतानाही, पुरता तुटला नव्हता. तो आता तुटला. १६ जून २०२५ रोजी अखेर अधिसूचना निघाली आणि गणनेची संदर्भतारीख ठरली १ मार्च २०२७. म्हणजे मागच्या गणनेच्या वर्षी जन्मलेले बाळ पुढच्या गणनेपर्यंत दहावीची परीक्षा देऊन बसेल. ही गणना कागदावर न होता मोबाइलवर होणार आहे. बल्लारपूरसारख्या पेपर मिलच्या गावाला त्यातून काही मिळायचे नाही. आकडा मिळाला तरी पुरे.

आकडा नसल्याने काय अडते ते बल्लारपूरच्या तहसील कार्यालयात उभे राहिले की कळते. अन्नसुरक्षा कायदा २०१३चा. गावांतल्या ७५ आणि शहरांतल्या ५० टक्के लोकांपर्यंत स्वस्त धान्य पोचावे, असे तो सांगतो. पण ही टक्केवारी २०११च्या लोकसंख्येवर लावली गेली आणि महाराष्ट्राचा वाटा सुमारे ७ कोटी माणसांवर गोठला. लग्न होऊन वेगळी चूल मांडलेले जोडपे विभक्त शिधापत्रिका मागायला गेले की ‘इष्टांक संपला’ हे उत्तर तयार असते. उत्तर देणारा कारकून खोटे बोलत नाही. त्याच्यापुढचा आकडाच जुना आहे.

आणखी एक गोष्ट दिल्लीतून दिसणार नाही, ती आपल्याला दिसायला हवी. गणनेचा मुख्य टप्पा फेब्रुवारीत येतो. गोंडपिपरी, पोंभुर्णा, सावली, चामोर्शी या भागांतले मजूर तेव्हा मिरची तोडायला तेलंगणात गेलेले असतात. कुटुंबेच्या कुटुंबे जातात, घराला कुलूप असते. गणनेच्या सगळ्या दिवसांत माणूस घरी नसेल तर तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, असा जनगणनेचा नियम आहे. मिरचीच्या शेतातल्या पालात प्रगणक पोचला तर हा मजूर तेलंगणाच्या खात्यावर चढेल, न पोचला तर कुठल्याच नाही. २०२०च्या टाळेबंदीत हीच माणसे सीमेपलीकडे अडकली होती. देशभरात परतताना किती स्थलांतरित मजूर मेले, असा प्रश्न त्या सप्टेंबरात लोकसभेत आला. अशी माहिती उपलब्ध नाही, असे केंद्रीय श्रम मंत्रालयाने लेखी उत्तर दिले. आणि माहिती नाही म्हटल्यावर भरपाईचाही प्रश्न येत नाही, हे ओघानेच आले.

तेव्हा जनगणनेचा उशीर हा या पत्राचा अर्धाच विषय आहे. काय मोजायचे, कधी मोजायचे आणि मोजलेले लोकांना दाखवायचे की झाकून ठेवायचे, हे कोणी ठरवायचे? ज्याच्या कामाचे मोजमाप होणार त्यानेच हे ठरवू नये, एवढेच बल्लारपूरहून सांगायचे आहे. हे सांगायला परदेशी पुस्तके लागत नाहीत. या दोन जिल्ह्यांनी ते स्वतःच्या अंगावर पाहिले आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले आणि ‘सर्च’ या संस्थेचे काम उभे राहिले. पुढे त्यांच्या कार्यकर्त्यांनी गावागावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू स्वतंत्रपणे नोंदवायला घेतला. कामाच्या सुरुवातीला अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी १२१ निघाले. सरकारी नोंदींत एवढे मृत्यू नव्हते. यात कोणी दुष्ट होते असे नाही. उपकेंद्रातल्या नर्सबाईनेच बाळ वाचवायचे आणि न वाचल्यास तिनेच मृत्यू लिहायचा, अशी रचना होती. लिहिलेला प्रत्येक मृत्यू म्हणजे तिच्याच कामावरचा शेरा. मग जन्मून तासाभरात गेलेले बाळ नोंदीतून निसटते, किंवा मेलेलेच जन्मले असे लिहिले जाते. तालुक्याच्या तक्त्यात आकडा कमी होतो, जिल्ह्याच्या तक्त्यात आणखी कमी, आणि मुंबईला पोचेपर्यंत परिस्थिती समाधानकारक होते.

२००१ मध्ये ‘सर्च’ आणि राज्यभरातल्या संस्था मिळून तेरा संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होतात, असा त्यांचा अंदाज होता. शासनाच्या दप्तरात त्यातला लहानसा हिस्साच होता. गदारोळ झाला, आणि पुढे शासनाने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. सरकारी नोंदीची गळती त्या समितीनेही दाखवून दिली. हे श्रेय त्या वेळच्या राज्यकर्त्यांना द्यायलाच हवे: आपल्यावर बोट ठेवणाऱ्यालाच त्यांनी मोजपट्टी दिली.

आणि या मोजण्यातून काय मिळाले? बाळे केव्हा मरतात हे कळल्यावर कशाने मरतात हे कळले. गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाची घरोघरी काळजी घेण्याची पद्धत इथे बसवली गेली आणि त्या गावांतले अर्भकमृत्यूचे प्रमाण पुढे तीसच्या घरात आले. याच धर्तीवर २०११ पासून देशभरातल्या ‘आशा’ कार्यकर्त्या नवजात बाळांच्या घरी जाऊ लागल्या. गडचिरोलीच्या जंगलातल्या नोंदवह्या नसत्या तर हे झाले नसते.

सरकारलाही हे तत्त्व ठाऊक आहे. महानिबंधक कार्यालयाच्या नमुना नोंदणी पद्धतीत, म्हणजे ‘एसआरएस’मध्ये, एक माणूस गावात राहून वर्षभर जन्म-मृत्यू लिहितो. दुसरा, त्याच्याशी संबंध नसलेला, दर सहा महिन्यांनी येऊन त्याच घरांत नव्याने विचारतो. मग दोघांच्या याद्या ताडतात आणि जे जुळत नाही त्याची गावात जाऊन शहानिशा होते. या पद्धतीने २०२० साली महाराष्ट्राचे अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी १६ निघाले. चांगला आकडा आहे. पण तो राज्याचा आहे, जिल्ह्याचा आकडा ही पद्धत देत नाही. भामरागडची बाळे पुण्याच्या सरासरीत जाऊन बसतात.

वाघांचेही पूर्वी नर्सबाईच्या नोंदींसारखेच होते. २००६ पूर्वी वनरक्षक आपापल्या बीटमधले पाऊलठसे गोळा करून वाघ मोजत. ज्याने वाघ राखायचा त्यानेच किती राखले ते सांगायचे. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये कागदावर डझनाहून अधिक वाघ असताना २००५ साली जंगलात एकही उरला नव्हता. त्यानंतर कॅमेरे लागले, पट्ट्यांवरून वाघ ओळखायला सुरुवात झाली आणि मोजणीचे सूत्र भारतीय वन्यजीव संस्थेकडे गेले. ही संस्था वने सांभाळणाऱ्या केंद्रीय मंत्रालयाचीच, म्हणजे पुरती स्वायत्त नव्हे. पण वनरक्षक आणि आकडा यांच्यात अंतर पडले. वाघासाठी जे सुचले ते माणसासाठी सुचू नये, याचे कारण शोधायला गेले की राजकारणच सापडते.

दारूबंदीचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात श्रमिक एल्गारसारख्या संघटनांच्या, हजारो बायकांच्या लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ पासून ती लागली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने उठवली. उठवताना निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीचा अहवाल पुढे होता, आणि बंदीच्या काळात गुन्हे दुपटीहून अधिक वाढले, अवैध दारू वाढली, त्यात बायका-मुले ओढली गेली, असे सांगितले गेले.

बंदी असावी की नसावी, यावर बल्लारपूरच्या एकाच चहाच्या टपरीवर दोन पक्ष मिळतील. या पत्राला त्यात पडायचे नाही. आकड्याचे मात्र बोलायला हवे. बंदी लागली की दारू विकणे हाच गुन्हा होतो. काल परवान्याच्या दुकानात बसलेला माणूस आज त्याच बाटलीसाठी आरोपी ठरतो. मग गुन्हे वाढले याचा अर्थ दारू वाढली, पोलिसांची पकडापकडी वाढली, की कायद्याची व्याख्या बदलली? तिन्ही अर्थ त्या एका आकड्यात बसतात. पोलीस ठाण्याची नोंद ही पोलिसांच्या कामाची नोंद असते, घरातल्या पिण्याची नव्हे. माणसे किती पितात, किती पैसा जातो, किती बायका मार खातात, हे बंदीआधी, बंदीत आणि बंदीनंतर एकाच पद्धतीने, पोलीस आणि उत्पादन शुल्क या दोन्ही खात्यांच्या बाहेरच्या यंत्रणेने मोजून जाहीर करायला हवे होते. तसे आकडे दोन्ही बाजूंच्या हातात असते तर भांडण निदान खऱ्या गोष्टीवर झाले असते. २०१५ चा निर्णय भावनेवर झाला आणि २०२१ चा महसुलावर, असे इथले लोक म्हणतात. ते खोडून काढायला शासनाकडे काय आहे?

नेमके उलटे उदाहरणही विदर्भाच्याच इतिहासात आहे. १९८३ मध्ये राज्य सरकारने प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी प्रा. वि. म. दांडेकर यांची सत्यशोधन समिती नेमली. दांडेकर पुण्याच्या गोखले संस्थेचे आणि कोणाचीही भीड न ठेवणारे. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने अशी क्षेत्रे घेऊन त्यांनी जिल्हावार मोजले आणि १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४६ कोटी, म्हणजे ३९ टक्के. तोवर ‘आमच्यावर अन्याय होतो’ ही नुसती तक्रार होती, आता तिला रक्कम मिळाली. पद्धतीवर वाद झाले, उरलेल्या महाराष्ट्राचा अनुशेषही मोठा निघाल्याने नागपुरात काही जण नाराज झाले. पण पुढची कित्येक वर्षे सत्ताधारी आणि विरोधक दोघेही त्याच तक्त्यांवर बोट ठेवून भांडले. विश्वासाचा आकडा असा असतो.

याच दांडेकरांनी नीलकंठ रथ यांच्यासोबत १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा पाया होता राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या कुटुंबखर्चाच्या आकड्यांचा. हे सर्वेक्षण संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९५० मध्ये सुरू केले. कोणत्या घरात महिन्याला किती तांदूळ, किती तेल, किती कापड लागले, हे घरात बसून विचारायचे. सरकारे आली, गेली. आकडे कधी सोयीचे निघाले, कधी अडचणीचे, आणि छापले गेले. २००९-१० चे सर्वेक्षण दुष्काळी वर्षातले होते. सरकारने ते दडवले नाही, प्रसिद्ध केले आणि २०११-१२ मध्ये पुन्हा एक घेतले. शहाणपणाची रीत ती.

ही रीत २०१९ मध्ये मोडली. श्रमबलाच्या २०१७-१८च्या सर्वेक्षणाला राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने मंजुरी दिल्यावरही सरकारने ते अडवून धरले. आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी जानेवारीत राजीनामे दिले. बेरोजगारी ६.१ टक्के, हा आकडा वर्तमानपत्रात फुटला आणि अधिकृतपणे ३१ मे २०१९ रोजी, लोकसभेचा निकाल लागल्यावर, बाहेर आला. त्याच नोव्हेंबरात २०१७-१८च्या कुटुंबखर्चाचे सर्वेक्षण, घराघरांत जाऊन गोळा झालेले, गुणवत्तेचे कारण देऊन रद्द केले गेले. दोष असतील तर दोषांसकट छापता आले असते. परिणाम असा, की २०११-१२ नंतरचा कुटुंबखर्चाचा पुढचा अधिकृत आकडा लोकांना २०२४ मध्ये मिळाला. नोटाबंदी, वस्तू व सेवा कर आणि महासाथ या तिन्हींचा काळ त्या फटीत गेला. आपण कोणत्याही पक्षाचे असा, पुढचे सरकार कोणाचे येईल हे आपल्यालाही ठाऊक नाही. आकडे दडवण्याचे हे शस्त्र आज ज्याच्या हातात आहे, उद्या ते त्याच्यावर चालेल.

आयोग एवढा हतबल का ठरला, याचे उत्तर त्याच्या जन्मातच आहे. सी. रंगराजन यांच्या आयोगाने २००१ मध्ये शिफारस केली होती ती कायद्याने स्थापन झालेल्या कायमस्वरूपी संस्थेची. २००६ मध्ये आयोग आला तो सरकारी ठरावाने. ज्या मंत्रालयावर त्याने लक्ष ठेवायचे त्याच्याच कागदावर तो उभा आहे. २०१९च्या अखेरीस विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी काढला गेला, पण कायदा झाला नाही. ब्रिटनने २००७ मध्ये असा कायदा केला, तिथली सांख्यिकी संस्था थेट संसदेला उत्तरदायी आहे, आणि २०१७ पासून तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने मंत्र्यांना आकडे आगाऊ दाखवणेही थांबवले. कायदा असला म्हणजे सगळे सुरक्षित, असेही नाही. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२५ रोजी रोजगाराचे आकडे मनासारखे आले नाहीत म्हणून अध्यक्षांनी श्रम सांख्यिकी विभागाच्या प्रमुख एरिका मॅकएन्टार्फर यांना त्याच दिवशी काढून टाकले. पण तिथे निदान आकडा आधी जाहीर झाला, मग माणूस गेला.

सरकारने अलीकडे काही चांगलेही केले आहे आणि ते सांगितले पाहिजे. श्रमबलाचे आकडे २०२५ पासून दरमहा येऊ लागले, आणि राष्ट्रीय सर्वेक्षणांत नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरायला सुरुवात झाली. हे नीट तडीस गेले तर गडचिरोलीचे चित्र नागपूरच्या मागे लपणार नाही. जिल्ह्याच्या आकड्याला किती धार असते हे बल्लारपूरला अनुभवाने माहीत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथे आले आणि पुढच्याच वर्षी इथल्या नव्या प्रकल्पांना काही काळ स्थगिती मिळाली. वर्षानुवर्षांच्या निवेदनांनी न झालेले काम एका आकड्याने केले. उद्योगांची तक्रार होती, इथल्या दम्याच्या रोग्यांची नव्हती.

तेव्हा आपल्याकडे मागणे असे. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाला कायद्याचा आधार देणारे खासगी विधेयक आपण दोघांनी मिळून लोकसभेत मांडावे. ते मंजूर होण्याची शक्यता कमी आहे हे इथेही माहीत आहे, पण मांडलेले विधेयक कामकाजात राहते आणि चर्चेला आले तर सरकारला उत्तर द्यावे लागते. प्रत्येक मोठ्या सर्वेक्षणाच्या प्रकाशनाची तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर व्हावी आणि निवडणूक आली म्हणून ती हलू नये, अशी तरतूद त्यात हवी. जनगणनेच्या महानिबंधकांना आजच लिहून विचारावे, की फेब्रुवारी २०२७ मध्ये तेलंगणाच्या मिरचीच्या शेतांत असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मजुरांची नोंद कशी होणार, आणि त्यासाठी दोन्ही राज्यांचे प्रगणक एकत्र बसणार आहेत का. राज्यात आपले वजन वापरून दोन्ही जिल्ह्यांसाठी जन्म-मृत्यूची स्वतंत्र नमुना तपासणी दरवर्षी करवून घ्यावी. तिचे निकाल आरोग्य खात्याच्या हातून न जाता अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने थेट प्रसिद्ध करावेत, मराठीत, तालुकावार. आणि दारूच्या प्रश्नावर पुढचा कोणताही निर्णय होण्याआधी असेच एक सर्वेक्षण व्हावे.

पुढच्या अधिवेशनात आपण यातला कोणता प्रश्न विचारला आणि काय उत्तर मिळाले, हे बल्लारपूरला येऊन जाहीर सभेत सांगावे. उत्तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असे आले, तर तेही सांगावे.

आपला,
बल्लारपूरचा एक मतदार